भोपाळच्या ३३७ टनांची विल्हेवाट: एका सरकारी सेवेचं परीक्षण

सेवा: भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात पडून असलेला ३३७ टन घातक कचरा भरणं, सुमारे २५० किलोमीटरवरच्या पीथमपूरला नेणं, जाळणं आणि उरलेली राख सांभाळणं.
जागेचा मालक: मध्य प्रदेश सरकार.
काम करणारी: पीथमपूरची खासगी टीएसडीएफ, म्हणजे घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारी आणि तो कायमचा साठवणारी सामायिक जागा.
देखरेख: राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ, केंद्रीय मंडळ आणि जबलपूरचं उच्च न्यायालय.
मंजूर खर्च: १२६ कोटी रुपये, केंद्राकडून.
प्रतीक्षा: जनहित याचिका २००४ ची, या ३३७ टनांतली शेवटची खेप भट्टीत गेली जून २०२५ मध्ये.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. जाळण्याच्या कामावरची देखरेख चांगली होती. राखेचं काम अर्धवट आहे. आणि ज्या जागेपायी हे सगळं सुरू झालं, ती जागा जवळपास आहे तशीच आहे. ताशी किती किलो, चिमणीत किती मिलिग्रॅम असं जिथे आकड्यात मोजता आलं तिथे सरकार हजर होतं. जमिनीखालचं पाणी मोजायला वर्षं लागतात, तिथे काम अहवालांपुढे फारसं सरकलं नाही.

कारखान्याची जमीन मुळात राज्य सरकारनेच भाडेपट्ट्याने दिलेली. १९९८ मध्ये ती परत सरकारच्या ताब्यात आली, आतल्या कचऱ्यासकट. घातक कचऱ्याच्या नियमांत ज्याच्या ताब्यात जागा तो ‘ऑक्युपायर’ आणि जबाबदारी त्याची. म्हणजे तेव्हापासून ऑक्युपायर राज्य सरकार. प्रत्यक्षात हे काम बघतं ते भोपाळ वायुकांड मदत व पुनर्वसन खातं. आता एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याने कचरा तुंबवला तर मंडळ काय करतं, हे त्या धंद्यातल्या सगळ्यांना पाठ आहे: आधी कारणे दाखवा, मग बँक गॅरंटी जप्त, मग वीज-पाणी तोडून बंदचा आदेश. सरकारी खात्याची गॅरंटी कोण जप्त करणार? राज्याच्या मंडळाने राज्याच्याच खात्याला बंदची नोटीस द्यायची, अशी ही रचना आहे. सगळ्या विलंबाचं मूळ इथे आहे असं आम्हाला वाटतं.

तुलनेसाठी एकच आकडा पुरे. नियमांनुसार कारखानदाराला आपल्या आवारात घातक कचरा साधारण ९० दिवस ठेवता येतो. भोपाळचा हा कचरा २००५ च्या सुमारास गोळा करून कारखान्यातल्या शेडमध्ये ठेवला गेला आणि तिथून हलला १ जानेवारी २०२५ च्या रात्री.

मधल्या काळात ठिकाणं मात्र भरपूर शोधली गेली. आधी गुजरातमधलं अंकलेश्वर. गुजरातने हात वर केले. २०११ मध्ये नागपूरजवळच्या डीआरडीओच्या भट्टीत जाळायचा घाट घातला गेला. महाराष्ट्रातून विरोध झाला आणि तेही बारगळलं. २०१२ मध्ये जर्मनीच्या जीआयझेड या सरकारी संस्थेने विमानाने हॅम्बुर्गला नेऊन जाळायची तयारी दाखवली. खर्च सुमारे २५ कोटी रुपये. मंत्रिगटाने होकारही दिला, पण करार जुळला नाही आणि सप्टेंबर २०१२ मध्ये जीआयझेडने माघार घेतली. त्याआधी २००८ मध्ये सुमारे ४० टन चुन्याचा गाळ गुपचूप पीथमपूरच्या भरावात गेला होता, तो विषय वेगळाच. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ऑगस्ट २०१५ मध्ये दहा टनांची चाचणी पीथमपूरलाच झाली आणि उत्सर्जन मर्यादेत असल्याचा अहवाल आला. अहवाल अनुकूल येऊनही पुढची नऊ-साडेनऊ वर्षं काही हललं नाही. शेवटी ३ डिसेंबर २०२४ ला, वायुकांडाला बरोबर ४० वर्षं होत असताना, उच्च न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत दिली आणि अवमान कारवाईची तंबी दिली. तेव्हा कुठे महिन्याभरात ट्रक निघाले.

कचऱ्यात नेमकं काय होतं

‘३३७ टन विषारी कचरा’ हे शब्द इतके रुळले की त्याचे घटक कुणी विचारत नाही. विचारायला हवेत, कारण भट्टीचं निम्मं गणित त्यावर ठरतं. १६२ टन माती. ९२ टन सेव्हिन आणि नॅप्थॉलचा अवशेष (सेव्हिन म्हणजे कार्बारिल, या कारखान्याचं मुख्य कीटकनाशक). ५४ टन अर्धवट तयार झालेली कीटकनाशकं. २९ टन रिॲक्टरमधला गाळ.

म्हणजे जवळजवळ निम्मी माती. माती जळत नाही. तिला चिकटलेली सेंद्रिय रसायनं तापमानामुळे सुटतात, वायुरूपात भट्टीच्या दुसऱ्या, जास्त तापलेल्या कक्षात जाऊन मोडतात. माती मात्र राख म्हणून तशीच्या तशी खाली येते. तिचं स्वतःचं उष्मांक मूल्य नाही, त्यामुळे भट्टीचं तापमान टिकवायला वरून इंधन सतत द्यावं लागतं. रिॲक्टरच्या गाळात आणि कीटकनाशकांत क्लोरिन असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे तिथे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि डायॉक्सिन या अतिविषारी संयुगांची काळजी जास्त. या चार प्रकारांचं मिश्रण दर तासाला सारखं राहिलं तरच भट्टी शांत चालते. एका तासाला नुसती माती आणि पुढच्या तासाला नुसता नॅप्थॉलचा गोळा गेला, तर कार्बन मोनॉक्साइडचा काटा लगेच उसळी मारतो. जळण अर्धवट होत असल्याची ती पहिली खूण.

भरणं आणि वाहतूक

हा भाग नीट झाला. शेडमधला कचरा जाड एचडीपीई प्लॅस्टिकच्या जम्बो बॅगांत भरला गेला. सुमारे शंभर कामगार, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या. अर्धा तास हा आकडा उगाच आलेला नाही. पूर्ण मास्क आणि रसायनरोधक सूट घालून माणूस त्याहून जास्त वेळ नीट काम करू शकत नाही. घामाने मास्कची कड सुटते आणि सूट असून नसल्यासारखा होतो. बारा सीलबंद, गळती न होणारे, आगरोधक कंटेनर, सोबत पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका, वाटेत वाहतूक थांबवून मोकळा केलेला रस्ता. रात्री निघालेला ताफा दुसऱ्या दिवशी पहाटे पीथमपूरला पोचला.

अशा वाहतुकीचा जीव फॉर्म १० मध्ये असतो, ज्याला सगळे मॅनिफेस्ट म्हणतात. सात रंगांच्या प्रती. पांढरी पाठवणाऱ्याकडून मंडळाला, पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन पाठवणाऱ्याकडे, गुलाबी घेणाऱ्याकडे, नारिंगी वाहतूकदाराकडे, हिरवी घेणाऱ्याकडून मंडळाला, निळी पाठवणाऱ्याला परत. राज्य बदलत असेल तरच करडी. बघण्यासारखी प्रत निळी. भोपाळच्या वजनकाट्याचा आकडा आणि पीथमपूरच्या काट्याचा आकडा तिच्यावर शेजारी-शेजारी येतात. फरक अर्धा-एक टक्का असेल तर काट्यांचा. त्याहून जास्त असेल तर वाटेत काहीतरी गळलं, सुकलं किंवा भलतंच भरलं गेलं. कोणत्याही सरकारी सफाईच्या कामात माहिती अधिकाराखाली आधी हीच प्रत मागावी.

वाहतुकीत कमी पडलं ते शेवटच्या टप्प्यात. पीथमपूरच्या आणि शेजारच्या तारपुरा गावच्या लोकांना आपल्या दारात काय येतंय हे ट्रक दिसल्यावर नीट कळलं. ३ जानेवारीला आंदोलन पेटलं, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. ६ जानेवारीला न्यायालयाने सहा आठवड्यांची मुदत वाढवून दिली, ती मुख्यतः लोकांचे गैरसमज दूर करायला. जी जनसुनावणी ट्रक निघायच्या आधी महिनाभर व्हायला हवी होती, तिच्यासाठी बारा कंटेनर आवारात तसेच उभे राहिले. सेवेच्या या भागाला आम्ही गुण देणार नाही.

चाचणी: या कामातला सगळ्यात चांगला निर्णय

१८ फेब्रुवारी २०२५ च्या आदेशाने एकदम सगळं जाळायला परवानगी मिळाली नाही. दहा-दहा टनांच्या तीन फेऱ्या, वेग वेगवेगळा: पहिली ताशी १३५ किलो, दुसरी १८०, तिसरी २७०. २७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली आणि दुसऱ्या दिवसापासून पहिली फेरी सुरू झाली. तिसरी १२ मार्चच्या सुमारास संपली.

या पद्धतीचं कौतुक का, ते सांगतो. भट्टी तिच्या क्षमतेपेक्षा कमी फीडवर, म्हणजे आत कमी माल सोडून, चालवली की सगळेच आकडे गोड येतात. उत्सर्जनाचा खरा कस लागतो तो वेग वाढवताना. एकाच मालाचे तीन वेग घेतले की वेग दुप्पट झाल्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल, कार्बन मोनॉक्साइड, धूळ हे दुप्पट होतात की उडी मारतात ते कळतं. वेळही मोजता येतो: १३५ च्या वेगाने दहा टनांना ७४ तास, १८० ने साडेपंचावन्न, २७० ने ३७. मंडळाने उत्सर्जन मर्यादेत असल्याचं न्यायालयाला सांगितलं आणि २७ मार्चला उरलेले ३०७ टन ताशी २७० किलोने ७२ दिवसांत जाळायची परवानगी मिळाली.

इथे एक बारीक हिशेब करण्यासारखा आहे. ३०७ टन भागिले ताशी २७० किलो म्हणजे साधारण ११३७ तास, सलग ४७ दिवस. मुदत ७२ दिवसांची. प्रत्यक्षात ५ मेच्या संध्याकाळी सुरू झालेलं काम २९-३० जूनच्या मध्यरात्री संपलं. सुमारे ५५ दिवस, म्हणजे सरासरी ताशी २३० किलोच्या आसपास. हा आकडा आम्हाला आवडला. ठरल्या वेगापेक्षा थोडा कमी म्हणजे भट्टी मधूनमधून थांबवली गेली, आणि थांबवायलाच हवी. भट्टीच्या आतल्या विटांवर वितळलेल्या क्षारांचा थर बसतो, धूळ गाळणाऱ्या बॅग फिल्टरच्या पिशव्या चोंदतात, धूर धुणाऱ्या स्क्रबरच्या नोझलमध्ये मीठ अडकतं. कुठल्याही भट्टीने ५५ दिवस एकदाही न थांबता चालल्याचा लॉग दाखवला, तर तो लॉग आधी तपासावा.

चिमणीचे आकडे कसे वाचायचे

सामायिक भट्ट्यांसाठीची आपल्याकडची मर्यादा २००८ पासूनची आहे. धूळ ५० मिलिग्रॅम प्रति घनमीटर, हायड्रोक्लोरिक आम्ल ५०, सल्फर डायऑक्साइड २००, नायट्रोजनची ऑक्साइड्स ४००, कार्बन मोनॉक्साइड अर्ध्या तासाच्या सरासरीला १००, हायड्रोजन फ्लोराइड ४, पारा ०.०५, आणि डायॉक्सिन-फ्युरान ०.१ नॅनोग्रॅम विषाक्तता-सममूल्य (म्हणजे त्यांच्या सगळ्या प्रकारांचं विष एकाच मापात आणून). दुसऱ्या कक्षात किमान ११०० अंश सेल्सियस आणि वायूला तिथे किमान दोन सेकंद. चिमणी किमान ३० मीटर. खालच्या राखेत सेंद्रिय कार्बन ३ टक्क्यांच्या आत.

आता फसायच्या दोन जागा.

पहिली, ऑक्सिजनची दुरुस्ती. वरचे सगळे आकडे ११ टक्के ऑक्सिजनवर आणून बघायचे असतात. पंख्याने जास्तीची हवा ओढली की धूर पातळ होतो आणि आकडे आपोआप कमी दिसतात. सूत्र सोपं आहे: मोजलेला आकडा गुणिले १०, भागिले (२१ वजा मोजलेला ऑक्सिजन). समजा पडद्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल ३० दिसतंय आणि ऑक्सिजन १५ टक्के आहे. ३० गुणिले १० भागिले ६, म्हणजे ५०. पडद्यावर निवांत वाटणारा आकडा प्रत्यक्षात मर्यादेला टेकलेला आहे. प्रेसनोटमध्ये ऑक्सिजनचा रकाना नसेल तर बाकीच्या रकान्यांवरून काही ठरवता येत नाही.

दुसरी, डायॉक्सिन. फाटकाबाहेर लावलेल्या डिजिटल फलकावर जे दिसतं ते सतत मोजणाऱ्या यंत्राचं असतं: धूळ, आम्लं, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइड्स. डायॉक्सिन या यंत्रात दिसत नाही. त्यासाठी चिमणीत नळी घालून सुमारे आठ तास, वायूच्या वेगाशी जुळवून नमुना ओढावा लागतो, मग तो प्रयोगशाळेत जातो आणि निकालाला आठवडे लागतात. म्हणून ‘ऑनलाइन सगळं सुरक्षित दिसतंय’ हे वाक्य डायॉक्सिनला लागूच होत नाही. तिथे अप्रत्यक्ष खुणांवर भिस्त: दुसऱ्या कक्षाचं तापमान ११०० च्या खाली गेलं का, गेलं तेव्हा फीड आपोआप बंद झालं का, आणि धूर वेगाने थंड केला का. कारण डायॉक्सिन भट्टीत मोडला तरी धूर २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळला की उडत्या राखेवर तो पुन्हा तयार होतो. तो पट्टा धुराने क्षणार्धात ओलांडावा म्हणून पाण्याच्या फवाऱ्याने त्याला झटका देतात. त्या फवाऱ्याच्या आधीचं आणि नंतरचं तापमान हे दोन रकाने ज्या अहवालात आहेत, तो अहवाल जाणकाराने लिहिला आहे असं समजावं.

राख: इथे सेवा रेंगाळली

३३७ टन जाळल्यावर ८०० टनांहून अधिक राख आणि अवशेष उरले. हे वाचून अनेकांना घोटाळा वाटला. घोटाळा नाही, रसायन आहे. १६२ टन माती बहुतांश तशीच उरते. आम्लवायू मारायला चुना आणि सोडा घालावा लागतो, पुरेसा व्हावा म्हणून गरजेपेक्षा जास्तच. त्याचे क्षार होतात. पारा आणि डायॉक्सिन पकडायला सक्रिय कोळशाची पूड फवारतात, तीही बॅग फिल्टरच्या राखेत येते. उलट राख कमी निघाली असती तर आम्ही विचारलं असतं की चुना वाचवला कुठे?

पण या राखेचे दोन प्रकार आहेत आणि ते एकत्र मोजणं चुकीचं आहे. भट्टीच्या तळाची राख तुलनेने निरुपद्रवी. बॅग फिल्टरची राख खरी नाठाळ. पारा हे मूलद्रव्य आहे. कितीही अंश तापवा, तो नष्ट होत नाही. वायू होऊन निघतो, कोळशावर बसतो आणि फिल्टरच्या राखेत गोळा होतो. भोपाळच्या आवारात पारा असल्याची नोंद ग्रीनपीसच्या १९९९ च्या अहवालातच आहे. शिवाय या राखेत कॅल्शियम क्लोराइड असतं, जे हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात अशी राख भरलेली गोणी हात लावला तर ओलसर लागते, खालच्या थरातल्या गोण्यांचे दगड होतात आणि शिवणीतून खारं पाणी पाझरतं. काम संपलं ऐन जूनच्या शेवटी. म्हणजे संपूर्ण पावसाळा ही राख शेडमध्ये गोण्यांत होती. गळतीरोधक शेड असल्याचं सांगितलं गेलं. तरी फरशीला उतार आणि पाणी गोळा करायचा खड्डा आहे का, हे विचारण्यासारखं.

पुढची योजना म्हणजे सिमेंट वगैरे मिसळून राख घट्ट करायची आणि वेगळ्या सुरक्षित भरावात पुरायची. घट्ट केल्यावर टीसीएलपी नावाची पाझर चाचणी होते. पाऱ्याला मर्यादा लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम. भरावाच्या तळाला दीड मिलिमीटरचं एचडीपीईचं अस्तर, खाली ४५ सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती, मग गळती ओळखणारा थर, आणि पुन्हा तसंच दुसरं अस्तर. कागदावर भक्कम. प्रत्यक्षात असे भराव फुटतात ते अस्तराच्या मधोमध क्वचितच; जोडावर आणि पाइप जिथून बाहेर येतो तिथे फुटतात. दोन पट्ट्यांचा जोड दुहेरी वितळवतात, मधल्या पोकळीत हवा भरून दाब टिकतो का बघतात. प्रत्येक जोडाचा हा दाब-लॉग असतो, आणि हाच कागद शेवटच्या आठवड्यात घाईने भरला जातो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने वस्तीपासून अवघ्या ५०० मीटरवर ही राख पुरण्यावर प्रश्न उपस्थित केले आणि पाऱ्याच्या प्रमाणाचाही मुद्दा घेतला. हे प्रश्न फेब्रुवारीत चाचणीच्या परवानगीबरोबरच सुटायला हवे होते. राख कुठे जाणार हे ठरवल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही, हा या धंद्यातला पहिला नियम आहे.

आणि ती जागा?

नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था नीरी आणि हैदराबादची भूभौतिक संशोधन संस्था एनजीआरआय यांनी २०१० मध्ये दिलेला अंदाज: कारखान्याच्या आवारात आणि आसपास सुमारे ११ लाख टन दूषित माती. त्यापुढे ३३७ टन म्हणजे दर दहा हजार टनांमागे तीन टन. शेडमध्ये रचून ठेवलेला, मोजता येणारा, ट्रकमध्ये भरता येणारा भाग तेवढा गेला. कारखान्यातले जुने खड्डे, आणि भिंतीबाहेर ३२ एकरांवर १९७७ मध्ये बांधलेली बाष्पीभवनाची तळी, जिथे कारखाना सांडपाणी सोडायचा, ती तिथेच आहेत.

सगळ्यात अवघड पाणी. या कचऱ्यातले डायक्लोरोबेंझिनसारखे क्लोरिनयुक्त द्रव पाण्यापेक्षा जड असतात. ते भूजलावर तरंगत नाहीत, तळापर्यंत बुडतात, खडकाच्या भेगांत साचतात आणि दशकानुदशकं थोडेथोडे विरघळत राहतात. म्हणून एका उन्हाळ्यात बोअरवेलचा नमुना चांगला आला याचा अर्थ फार मर्यादित. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये १४ वस्त्यांना स्वच्छ पाणी द्यायला सांगितलं. पुढच्या तपासण्यांत बाधित वस्त्यांची संख्या वाढत २०१८ पर्यंत ४२ वर गेली. नळ आले, ही चांगली गोष्ट. पण नळ हा पुरवठा आहे, सफाई नाही. जमिनीखालचा डाग पसरतोच आहे.

पैशांचा प्रश्न इथेच येतो. १२६ कोटी भागिले ३३७ टन म्हणजे टनामागे सुमारे ३७ लाख रुपये, किलोमागे ३७०० च्या पुढे. जर्मनीचा बारगळलेला प्रस्ताव टनामागे सात लाखांच्या आसपास होता, विमानभाड्यासकट. तेरा वर्षांची महागाई धरली तरी ही दिरंगाईची किंमत आहे. प्रदूषकाकडून वसुलीचा प्रयत्नही झाला: २००५ मध्ये केंद्राच्या रसायन खात्याने युनियन कार्बाइड विकत घेतलेल्या डाऊ केमिकलने १०० कोटी आगाऊ भरावेत असा अर्ज न्यायालयात केला. १२६ कोटी मात्र करदात्यांच्याच खिशातून गेले.

दुसरीकडे कसं करतात

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातला हॅनफर्ड हा अणुकचऱ्याचा प्रकल्प केंद्र सरकारच्याच मालकीचा. जमिनीखाली १७७ टाक्या. तिथे १९८९ मध्ये तिघांचा करार झाला: मालक असलेलं ऊर्जा खातं, केंद्राची पर्यावरण संस्था आणि राज्याचं पर्यावरण खातं. टप्प्यांच्या तारखा करारात, चुकल्या तर दंडाची तरतूद. तरीही काम वर्षानुवर्षं रखडलेलं आहे, तारखा वारंवार पुढे गेल्या आहेत. म्हणून त्याला आदर्श म्हणणार नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे: मालकाला प्रश्न विचारणाऱ्यांत राज्याचं खातंही आहे, आणि ते मालकाच्या पगारावर नाही. आपल्याकडे ती जागा न्यायालयाने भरून काढली, आणि न्यायालय काही रोज साइटवर येऊ शकत नाही.

२४ जुलै २०२५ ला केंद्राने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम आणले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण करायचं, जबाबदार कोण हे ९० दिवसांत ठरवायचं. जबाबदार सापडला नाही तर खर्च केंद्र आणि राज्याने उचलायचा. शोधायला मुदती आहेत. जागा प्रत्यक्ष स्वच्छ करून देण्याची पक्की तारीख नियमांत नाही. आणि जबाबदार स्वतः सरकारच निघालं तर मंडळाने काय करायचं, हा भोपाळचा जुना पेच तसाच आहे.

महाराष्ट्रात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे टीएसडीएफ आहेत. बंद पडलेल्या सरकारी कारखान्याची किंवा परत घेतलेल्या भूखंडाची सफाई तुमच्या भागात निघाली, तर कामाच्या गाजावाजाकडे न बघता मंडळाकडे हे कागद याच क्रमाने मागा. मॅनिफेस्टची निळी प्रत, दोन्ही काट्यांच्या आकड्यांसह. भट्टीचा तासागणिक फीड-लॉग आणि त्याच तासांचं दुसऱ्या कक्षाचं तापमान. ऑक्सिजनच्या रकान्यासह चिमणीचा कच्चा डेटा, सरासरी काढलेला नको. डायॉक्सिनच्या नमुन्याची तारीख, किती तास ओढला आणि त्या वेळी फीड किती होतं. कमी फीडवर घेतलेला नमुना बाजूला ठेवा. तळाची आणि फिल्टरची राख वेगवेगळी तोललेली, वापरलेल्या चुन्याच्या पावत्यांशी ताडून. आणि जागेच्या उताराच्या वरच्या बाजूला एक, खालच्या बाजूला किमान तीन निरीक्षण विहिरींचे पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे निकाल. शेवटचा कागद सहसा मिळत नाही, कारण विहिरीच खोदलेल्या नसतात. तसं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या, तारखेसह.